जुन्या सांगाड्यावर उमललेलं कमळ

मित्रांनो, गणितात केटी लागली म्हणून ज्यांनी कधी घरी मान खाली घालून जेवण उरकलंय, त्यांच्यासाठी एक खुशखबर आहे. मोटार रेसिंगच्या इतिहासातला सगळ्यात कल्पक समजला जाणारा इंजिनिअर शेवटच्या वर्षाच्या गणितात नापास झाला होता. त्याचे सगळे वर्गमित्र पदव्या घेऊन बाहेर पडले आणि हा पठ्ठ्या मागे राहिला. पण त्या सुमारास तो एका गॅरेजमध्ये मोडक्या मोटारीच्या सांगाड्यावर स्वतःची गाडी बांधत होता. पुढे त्याच माणसाच्या कंपनीने फॉर्म्युला वनची कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप सात वेळा जिंकली. त्याचं नाव अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन. कंपनीचं नाव लोटस, म्हणजे आपलं कमळ!

आता मराठी विभागात हा साहेब कुठून आला, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण सरळ आहे. आम्ही पाच जण दिंडोशीला एका भाड्याच्या गाळ्यात गाडी बांधतोय. खाली जुन्या जीपची चेसिस, वर १९५० च्या दशकातल्या रोडस्टरसारखी दोन सीटची उघडी बॉडी. घरच्यांना वाटतं पोरं भंगार जमवतायत. शेजारचा डेंटर म्हणतो, एवढ्या पैशात सेकंडहँड मारुती आली असती. दोघांचंही अगदीच चूक नाही. पण हा उद्योग जगात पहिल्यांदा ज्याने नीट करून दाखवला त्याचं चरित्र मी प्रोजेक्टच्या निमित्ताने वाचत गेलो आणि त्यात इतका अडकलो की आमच्या टीममधल्या एका मोठ्या वादाचा निकाल मला तिथेच सापडला. तो वाद पुढे सांगतो. आधी चॅपमन.

त्याचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचं पब चालवत. म्हणजे घर धंद्याचं. मुलगा गिऱ्हाईक आणि हिशेब बघतच मोठा झाला. दुसरं महायुद्ध संपलं त्या १९४५ साली तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाला. शाखा मोटारीची नव्हे हं, सिव्हिलची! पूल आणि इमारतींचे सांगाडे कसे भार पेलतात, हे तो शिकत होता. आपल्याकडे मेकॅनिकलवाले सिव्हिलवाल्यांना चिडवतात, त्यांनी इथे जरा थांबून विचार करावा. चॅपमनची पुढची सगळी कमाई याच ज्ञानावर झाली. शिवाय तो कॉलेजच्या एअर स्क्वाड्रनमध्ये होता, तिथे विमान उडवायला शिकला. विमानात एकेक किलो कसा वाचवतात, हे त्याने जवळून पाहिलं.

लेक्चर्सना तो किती बसला हा प्रश्नच आहे, कारण कॉलेजात असतानाच त्याने एका मित्राबरोबर जुन्या मोटारींची खरेदी-विक्री सुरू केली होती. लंडनच्या वॉरन स्ट्रीटवर तेव्हा सेकंडहँड गाड्यांचा बाजार भरायचा. युद्धानंतर नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना सोन्याचा भाव. धंदा जोरात होता. आणि मग १९४७ च्या शरद ऋतूत ब्रिटिश सरकारने खासगी गाड्यांचं साधं पेट्रोल रेशन बंद केलं. पेट्रोलच नाही म्हटल्यावर गाडी घेणार कोण? भाव कोसळले. जी कमाई झाली होती ती गाड्या काढून टाकण्यात गेली. शेवटी हातात एकच गाडी उरली, तिला कुणी विचारेना. ती होती १९२८ ची ऑस्टिन सेव्हन. गाडी आणि मालक एकाच वयाचे!

ऑस्टिन सेव्हनबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. १९२२ साली आलेली ही इंग्लंडची गरिबांची मोटार. ७४७ सीसीचं चार सिलिंडरचं छोटं इंजिन, पुढे एक आडवा पाटा, मागे दोन अर्धवट पाटे. १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २ लाख ९० हजार गाड्या बनल्या. बीएमडब्ल्यूने मोटारी बनवायला सुरुवात केली तीसुद्धा याच गाडीच्या परवान्यावर. इतक्या गाड्या असल्यामुळे युद्धानंतर त्यांचे सुटे भाग कवडीमोल भावात मिळायचे. तिथल्या हौशी पोरांना ती गाडी म्हणजे आपल्याकडे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक फेरी मारली की निम्मी गाडी गोळा होते, तसा प्रकार. पुढे मॅक्लारेन कंपनी काढणारा ब्रूस मॅक्लारेन न्यूझीलंडमध्ये रेसिंग शिकला तोही ऑस्टिन सेव्हनवरच.

तर, विकली न गेलेली गाडी घेऊन चॅपमनने ठरवलं की हिची रेसची गाडी करायची. जागा नव्हती. त्याची मैत्रीण हेजल विल्यम्स हिच्या आईवडिलांच्या घरामागे मसवेल हिल भागात एक गॅरेज होतं, ते तिने मिळवून दिलं. हेजल नुसती बघत बसणारी नव्हती. कामाला हात लावायची. जुनी बॉडी उतरवली, खाली राहिला उघडा सांगाडा.

आता इथे इंजिनिअरिंग सुरू होतं, त्यामुळे पाने उलटू नका. ऑस्टिन सेव्हनची चेसिस म्हणजे इंग्रजी ए अक्षराच्या आकारात जोडलेली दोन दाबलेल्या पत्र्याची चॅनेल. चॅनेल म्हणजे एका बाजूने उघडा सेक्शन. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण पाठ करतो की उघडा सेक्शन वाकवायला बरा असतो, पण पिळायला अगदीच लेचापेचा. गाडीचं एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की चेसिस पिळली जाते. चेसिस पिळली की सस्पेन्शन कितीही चांगलं असो, चाकं आपल्याला हवी तशी राहत नाहीत. आम्ही हे पुस्तकात वाचून सोडून दिलं होतं. मग आमच्या जीपच्या चेसिसची मागची बाजू घट्ट आवळली, पुढे आडवी तुळई बांधून तिच्या एका टोकाला वाळूच्या पिशव्या टांगल्या आणि डायल गेज लावला. काटा असा सरसर फिरला की आमच्यातल्या एकाने गेज खराब आहे असंच जाहीर केलं. गेज चांगला होता. जीपची चेसिस जुन्या काळी मुद्दामच अशी लवचीक ठेवलेली असते, खडकाळ रस्त्यावर ती थोडी पिळली तर चालतं. आपल्याला मात्र कोपरा कापणारी गाडी हवी, तिथे ते चालत नाही.

चॅपमनने यावर जो उपाय केला तो सिव्हिल आणि विमान या दोन्हींचा मिळून होता. दुसऱ्या कुणी जाडजूड लोखंड वेल्ड केलं असतं. याने बॉडीलाच कामाला लावलं. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेलं प्लायवूड घेऊन त्याने बॉडी बांधली आणि आत आडवे पडदे बसवले. त्यामुळे बॉडी आणि चेसिस मिळून एक खोकं झालं. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून ते पिळून बघा, सहज पिळतं. झाकण लावून पिळा, मग कळेल. वजन फारसं वाढवायचं नाही, पण ताठपणा वाढवायचा. ही त्याची पुढची सगळी कारकीर्द त्या पहिल्या प्लायवूडच्या बॉडीतच दिसते.

१९४८ साली गाडी तयार झाली. नव्याने नोंदणी करताना नाव द्यायचं होतं. त्याने लोटस असं लिहिलं. का, ते त्याने जाहीरपणे कधीच सांगितलं नाही. हेजलला तो लाडाने तसं काही म्हणायचा म्हणून, असं बरेच जण मानतात. ही गाडी आता लोटस मार्क वन म्हणून ओळखली जाते. चिखलाचे चढ चढायच्या स्पर्धांत, ज्यांना तिकडे ट्रायल्स म्हणतात, ती त्याने पळवली आणि बक्षिसंही आणली. १९५० साली ती विकली. आज ती कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. लोटसवाले तिला अजून शोधतायत.

दरम्यान तो गणिताचा पेपर गेलाच होता. १९४९ साली पुन्हा बसून त्याने तो सोडवला आणि पदवी घेतली. थोडा काळ हवाई दलात काढला, पण कायम तिथे राहिला नाही. मग ब्रिटिश अॅल्युमिनियम कंपनीत इंजिनिअरची नोकरी धरली. दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि रात्री गाड्या. हे वेळापत्रक त्याने १९५४ च्या अखेरपर्यंत चालवलं! आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री एक जागरण झालं तर आपण आठवडाभर त्याचं कौतुक सांगत फिरतो.

मार्क टू हीसुद्धा ऑस्टिनच्या चेसिसवर, पण फोर्डच्या इंजिनावर. खरी धमाल केली ती १९५१ च्या मार्क थ्रीने. लंडनच्या सेव्हन फिफ्टी मोटर क्लबने कमी पैशातल्या रेसिंगसाठी एक फॉर्म्युला काढला होता : ऑस्टिन सेव्हनची चेसिस आणि ऑस्टिन सेव्हनचंच इंजिन. सगळ्यांना सारखंच सामान. चॅपमनने नियमांचं पुस्तक घेतलं आणि काय करा असं लिहिलंय ते सोडून काय करू नका असं लिहिलेलं नाही, ते शोधत बसला.

ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण इनलेट पोर्ट फक्त दोन. म्हणजे एका दारातून दोन सिलिंडर हवा घेणार. फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन. त्यामुळे एकाच दाराचे दोन शेजारी लागोपाठ हवा ओढतात आणि दुसऱ्याच्या वाट्याची पहिला पळवतो. चॅपमनने मॅनिफोल्ड वेगळा बनवला आणि पोर्टच्या आत पातळ पत्र्याचा पडदा घातला. दोन दारांची चार दारं झाली, तीही ब्लॉकला हात न लावता. मार्क थ्रीने त्या मोसमात बाकीच्यांना धूळ चारली. शेवटी क्लबने नियम बदलून ती युक्ती बंद केली. आपल्यामुळे नियम बदलावा लागला, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट इंजिनिअरला कुठलं?

१ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी सुरू झाली. भांडवल म्हणून हेजलने २५ पौंड दिले. जागा वडिलांच्या पबमागचे जुने तबेले. १९५४ साली कॉलिन आणि हेजलचं लग्न झालं. तबेल्यात संध्याकाळी काम करायला हौशी पोरं यायची, बहुतेकांना पगार नसायचा. त्या गर्दीतला ग्रॅहम हिल पुढे दोनदा जगज्जेता झाला. माईक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी पुढे कॉसवर्थ ही इंजिनाची कंपनी काढली. एका तबेल्यातून एवढी माणसं निघाली, यात चॅपमनचा वाटा होता तसा तबेल्याचाही होता. चार हुशार माणसं एका जागी रोज भेटली की काय होतं ते बघा. मला तरी वाटतं, आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपला पाचनंतर कुलूप नसावं.

यानंतर आली मार्क सिक्स, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. आता जुन्या ऑस्टिनचा सांगाडा सुटला. चॅपमनने बारीक नळ्यांचा स्वतःचा सांगाडा केला, ज्याला आपण स्पेस फ्रेम म्हणतो. नुसत्या फ्रेमचं वजन सुमारे २५ किलो. सिमेंटच्या एका गोणीच्या निम्मं! ही फ्रेम आणि पत्रे लोटस द्यायची; इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल गिऱ्हाईकाने एखाद्या जुन्या फोर्डमधून काढून आणायचे. पुढचा फोर्डचा सरळ अॅक्सल मधोमध कापून दोन तुकडे केले आणि ते मध्यभागी बिजागरीसारखे टांगले की झालं स्वतंत्र सस्पेन्शन. म्हणजे स्वस्तातला भाग घ्यायचा आणि त्याच्याकडून मूळ मालकाच्या स्वप्नातही नसलेलं काम करून घ्यायचं. पहिल्याच मार्क सिक्सला रस्त्यात एका पाव पोचवणाऱ्या गाडीने ठोकलं आणि तिचा चुराडा झाला. तरीही पुढच्या तीन वर्षांत सुमारे ११० मार्क सिक्स विकल्या गेल्या. आज ज्याला किट कार म्हणतात तो धंदा इथून उभा राहिला.

किट का, याचं एक कारण कर. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. मात्र जोडणीची माहितीपुस्तिका दिली तर ते सुटे भाग राहत नाहीत, ती गाडीच झाली. यावर लोटसने जोडणीऐवजी गाडी खोलायची कशी याची पुस्तिका दिली, गिऱ्हाईकाने ती शेवटच्या पानापासून वाचायची, असा किस्सा सांगतात. आमच्या गाळ्यात आम्ही तेच करतो. जीप खोलताना प्रत्येक पायरीचे फोटो काढले, आता ते उलटे बघत बसतो.

१९५७ मध्ये आली लोटस सेव्हन. उघडी, लांब नाकाची, दरवाजे नाहीत, डिकी नावापुरती, वजन ५०० किलोच्या आत. १९७२ पर्यंत लोटसने ती बनवली. १९७३ साली ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि किटची करसवलत संपली, तेव्हा तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तिथे ती अजून बनते. जगभर तिच्या नकला झाल्या. एक तर आपल्या अलिबागला! तिथल्या चिंकारा मोटर्सने रोडस्टर १.८ एस नावाची सेव्हनच्या धर्तीवरची गाडी बनवली, फायबरची बॉडी आणि काँटेसामध्ये असायचं ते इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन. म्हणजे हॉर्न्सीच्या तबेल्यातली कल्पना मांडव्याच्या धक्क्याच्या पलीकडे येऊन पोचली होती.

पुढचा चॅपमन मोठ्या जगातला आहे, त्यामुळे भरभर सांगतो. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने नळ्यांची फ्रेमच काढून टाकली आणि फॉर्म्युला वनमध्ये पत्र्याचा मोनोकॉक आणला. पुन्हा तेच, झाकण लावलेलं खोकं. गाडी हलकी झाली आणि आधीच्यापेक्षा कितीतरी ताठ. जिम क्लार्क तिच्यावर १९६३ साली जगज्जेता झाला, १९६५ साली पुन्हा, आणि त्याच वर्षी त्याने लोटसमधून अमेरिकेची इंडियानापोलिस ५०० जिंकली. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थचं इंजिन चेसिसमध्ये ठेवलेलंच नव्हतं. इंजिन हीच मागची चेसिस. मागचं सस्पेन्शन थेट त्याला टांगलेलं. पहिल्याच शर्यतीत ती जिंकली. १९६८ साली सिगारेट कंपनीचे रंग गाडीला देऊन त्याने फॉर्म्युला वनमध्ये जाहिरातीचं युग आणलं. १९७८ च्या लोटस ७९ मध्ये संपूर्ण गाडीचा तळ उलट्या विमानाच्या पंखासारखा केला, त्यामुळे वेग वाढला की गाडी रस्त्याला अधिकच चिकटायची. मारिओ आंद्रेत्ती त्या वर्षी जगज्जेता झाला. एक भाग दोन कामं करतो का, हा प्रश्न त्याने आयुष्यभर प्रत्येक नटबोल्टला विचारला.

इथपर्यंत वाचून मी त्याचा भक्त झालो होतो. मग पुढची प्रकरणं वाचली.

चॅपमनच्या गाड्या वेगवान होत्या तशाच नाजूक, असं रेसिंगच्या जगात उघड बोललं जायचं. १९६९ साली स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख एकाच ठिकाणी मोडले आणि दोन्ही गाड्या आपटल्या. त्यातल्या एकीत योखेन रिंट होता. वाचल्यावर त्याने चॅपमनला पत्र लिहून गाडीवर आपला भरवसा उरलेला नाही असं कळवलं. पण गाडी वेगवान होती, म्हणून तो राहिला. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाला सराव करताना त्याची लोटस ७२ अडथळ्यावर आदळली आणि तो गेला. पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता. त्या वर्षी त्याचे गुण इतके झाले होते की मेल्यानंतर जगज्जेतेपद मिळालेला तो एकमेव ड्रायव्हर ठरला. त्याआधी ७ एप्रिल १९६८ ला जिम क्लार्क जर्मनीत लोटसमध्येच गेला होता. क्लार्क तर चॅपमनचा जिवाभावाचा मित्र. प्रत्येक अपघात गाडीमुळेच झाला असं म्हणता येणार नाही, त्या काळी सगळ्याच संघांतले ड्रायव्हर मरत होते. पण शाफ्ट तुटतो तेव्हा तो कुणीतरी डिझाइन केलेला असतो, हे विसरता येत नाही.

आता आमचा वाद. ड्रायव्हरच्या डोक्यामागे जी लोखंडी कमान असते, उलटल्यावर डोकं वाचवणारी रोल हूप, तिची नळी पातळ घ्यायची का जाड, यावरून आमची टीम दुभंगली होती. पातळवाल्यांचं म्हणणं, वजन एवढ्या उंचीवर नको, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर जातो, आणि आपली गाडी उलटणार कशाला? आकडेमोड त्यांच्या बाजूने होती, आणि चॅपमनचं नावही त्यांनीच घेतलं. मी जाडवाल्यांत होतो, पण माझ्याकडे धड मुद्दा नव्हता. रिंटचं प्रकरण वाचून झाल्यावर मी बैठकीत एवढंच विचारलं की पहिल्या दिवशी गाडीत कोण बसणार? आमच्यात चालवणारा एकच आहे, आणि त्याच्या आईच्या हातचे डबे आम्ही सगळे खातो. जरा वेळ कुणी बोललं नाही. जाड नळी घेतली. ते वजन आम्ही सीट, बॉनेट आणि मागच्या पत्र्यांतून वसूल केलं. माझ्या मते चॅपमनकडून शिकायचं ते इथपर्यंत : प्रत्येक भागाला विचारा, तुझी गरज काय? पण ज्या भागाचं उत्तर आतल्या माणसाचा जीव असं आहे, त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.

चॅपमनचा शेवट फार चांगला नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डीलॉरियन कंपनीने आपल्या स्टीलच्या गाडीचं इंजिनिअरिंग लोटसला दिलं. कारखाना बेलफास्टजवळ, पैसा मोठ्या प्रमाणात ब्रिटिश सरकारचा. त्यातली लाखो पौंडांची रक्कम परदेशातल्या एका भलत्याच कंपनीमार्फत फिरली आणि लोटसच्या खात्यात आलीच नाही. १९८२ साली डीलॉरियन बुडाली, चौकशा सुरू झाल्या, आणि १६ डिसेंबर १९८२ रोजी चॅपमन हृदयविकाराने गेला. वय अवघं ५४. त्याच दिवशी त्याची टीम संगणकावर चालणारं अॅक्टिव्ह सस्पेन्शन पहिल्यांदा ट्रॅकवर तपासत होती. खटला उभा राहिला तेव्हा तो नव्हता. लोटसचा हिशेब बघणारा त्याचा सहकारी १९९२ मध्ये गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला. नियमांतल्या फटी शोधणारी बुद्धी मॅनिफोल्डमध्ये शोभते. पैशाच्या हिशेबात तीच बुद्धी वापरली तर तिला वेगळं नाव आहे.

शेवटी आपल्याकडे काय, हा प्रश्न उरतोच. आमच्या गाळ्यापासून जवळच कांदिवलीला महिंद्राचा कारखाना. त्या कंपनीची गाड्यांमधली सुरुवातही १९४७ साली परदेशी जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडण्यापासूनच झाली. मग एखादा दिंडोशीचा चॅपमन का होऊ नये? तर हौशी माणसाने जुन्या चेसिसवर बांधलेली गाडी आज आपल्याकडे रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यांनुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी चालत नाही. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता हवी, तो खर्च विद्यार्थ्यांच्या खिशाबाहेरचा. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, पण त्या मूळ रूपात हव्यात. ब्रिटनमध्ये मात्र घरी बांधलेली एकेक गाडी सरकारी तपासणीला नेता येते. ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, धारदार कडा सगळं बघतात आणि पास झाली तर नंबर देतात. माझं म्हणणं नियम नकोत असं नाही. रोल हूपवर भांडून झाल्यावर तसं म्हणायची सोयच राहिली नाही. नियम हवेत, फक्त त्यांत एकट्यादुकट्याने बांधलेली गाडी नेऊन दाखवायची एक खिडकी हवी.

तोपर्यंत आपल्याला बंद ट्रॅक आहेत. बाहा एसएई इंडिया २००७ पासून, सुप्रा २०११ पासून विद्यार्थ्यांच्या गाड्या पळवतायत. तिथे तपासणीत तुमची वेल्डिंग ठोकून बघतात, आणि ते चांगलंच आहे. आमची गाडी त्यांच्या कुठल्याच वर्गात बसत नाही, ती आवारात आणि ट्रॅक भाड्याने मिळाला तर तिथेच फिरेल. सध्या तिला स्टीअरिंग आहे, ब्रेक आहेत, बॉडी अर्धी आहे. सेकंड इयर आणि थर्ड इयरच्या मित्रांनो, आमची परीक्षा झाली की हा सांगाडा कुणाच्या तरी हवाली करायचाय. डायल गेज, वाळूच्या पिशव्या, खोलतानाचे सगळे फोटो आणि मापांची वही सोबत मिळेल. गणितात केटी असली तरी चालेल. रोल हूपची नळी मात्र बदलायची नाही.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल